ओवीचे दप्तर

नारायणगावाहून पूर्वेस निघालेला रस्ता जसजसा पुढे सरकतो, तसतसे सह्याद्रीचे सान्निध्य विरळ होत जाते. आणि ज्या डोंगररांगांनी जुन्नरच्या पश्चिम भागाला आषाढ-श्रावणात जलमय करून सोडलेले असते, त्याच रांगांनी अडविलेल्या पावसाची उणीव पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलेल्या एका निराळ्याच मुलखात आपण येऊन पोहोचतो. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे उभी राहिली, कालवे वाहू लागले, आणि बाजरीच्या ताटांवर वर्ष काढणाऱ्या ह्या शिवारात ऊस आणि कांदा आला. उसाबरोबर त्याच्या गर्द आडोशाला बिबट्याही आला, त्यामुळे दिवेलागणीनंतर वस्तीवरची पोरे हल्ली अंगणाबाहेर पडत नाहीत. वाटेत खोडदजवळ प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांनी उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या विशाल तबकड्या, आकाशाकडे मुख करून, शेतांच्या मधोमध उभ्या दिसतात. एकंदर ३० तबकड्यांपैकी १४ येथे जवळजवळ असून उरलेल्या तीन दिशांना दूरवर पांगलेल्या आहेत, आणि त्यांच्या सावलीत कांद्याची काढणी चाललेली असते. हे सारे पाहत मी निमगाव सावा येथे चाललो होतो.

जाण्याचे प्रयोजन थोडक्यात सांगतो. गावातील शाळेत शिकविणाऱ्या एका बाईंनी असा मनोदय केला होता, की आपल्या वर्गातील मुलींना हाताशी धरून गावच्या वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात, त्या आवाजासह आणि अक्षरांसह जतन कराव्यात, आणि ज्याला कोणाला त्या शिकावयाच्या वा शिकवावयाच्या असतील, त्याला त्या कसलाही मोबदला न देता फोनवर मिळतील अशी व्यवस्था करावी. ओव्यांच्या जुन्या संग्रहांशी माझा थोडाबहुत परिचय असल्याने, नोंदी कशा कराव्यात ह्याविषयी त्यांनी मला पाचारण केले होते. आणि मीही, एखाद्या गावाने आपल्याच आयांचे दप्तर आपणच लावावे ही कल्पना मनापासून भावल्यामुळे, विनाविलंब निघालो होतो.

निमगाव नावाची गावे पुणे जिल्ह्यात पुष्कळ. इंदापूर तालुक्यात निमगाव केतकी आहे आणि खुद्द जुन्नर तालुक्यात निमगाव तर्फे महाळुंगे आहे. तेव्हा महसुली कागदांत घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकाला जोडनाव असणे क्रमप्राप्तच होते. सरकारी दप्तराने गावाची हद्द, जमाबंदी, खातेदारांची नावे, विहिरी आणि झाडे ह्यांची नोंद किती दक्षतेने ठेवली आहे, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला तिच्यातील एक उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. त्या दप्तरात शेताच्या बांधाचा तपशील सापडतो. परंतु त्या शेतात पिकलेले धान्य पहाटे उठून दळणाऱ्या बाईने दळताना काय म्हटले, ह्याची बारनिशी कोणत्याही कचेरीने कधी ठेवली नाही.

ज्या घरी आम्ही बसलो तेथील आजी आरंभी काहीच बोलेनात. ओसरीवर पुरुषमंडळी होती, दीर-पुतणे होते, मी परका होतो, आणि शिवाय मुलींच्या हातांत फोन होते. "आता कुठलं आठवतंय बाबा," एवढेच त्या पुनःपुन्हा म्हणत. बाईंनी मोठ्या समजूतदारपणाने पुरुषांना चहासाठी समोरच्या घरी धाडले, मला उंबऱ्याच्या पलीकडे भिंतीआड बसविले, आणि मग परसात पालथे पडलेले जाते आत आणावयास सांगितले. गावात विजेची गिरणी आल्याला कितीएक वर्षे लोटली. जाते आता फक्त लग्नघरी हळद दळण्यापुरते, हळकुंड बांधून पूजेला लावण्यापुरते, बाहेर निघते. त्याला टाकी लागून युग लोटले होते आणि तळीचे दगड गुळगुळीत झाले होते, तरीही आजींनी खुंटा धरला, मूठभर बाजरीची वैरण घातली, आणि पहिला फेरा पुरा होण्याच्या आतच त्यांच्या तोंडून ओवी सुरू झाली. त्या क्षणापर्यंत आठवत नाही म्हणणारी ती स्त्री त्यानंतर बराच वेळ थांबली नाही. दगडाची घरघर हीच तिच्या स्मृतीची किल्ली होती. स्मरण हे केवळ बुद्धीचे कार्य नसून हातांचे, खांद्यांचे आणि श्वासाचेही असते, हे मी ग्रंथांत वाचले होते. त्या दुपारी ते भिंतीआडून ऐकले.

ओव्यांचा क्रमही लक्ष देण्याजोगा होता. आरंभी देवाचे नाव, मग आईबापांचे, मग भावाचे. भावाच्या ओव्या तर संपता संपत नव्हत्या. तो येणार, त्याच्या बैलांच्या घुंगरांचा नाद येणार, त्याला काय रांधून घालावे ह्याचा विचार, आणि तो आला नाही तर त्याची रदबदली करणारी कारणे. मधूनच पंढरीची वाट निघाली, चंद्रभागेचे वाळवंट आले, आणि मग कसलीही पूर्वसूचना न देता सीतेचा वनवास सुरू झाला. ह्या स्त्रियांची सीता ही पोथीतल्या सीतेहून फार निराळी आहे. तिच्या दुःखाचा न्यायनिवाडा त्या आपल्या सासुरवासाच्या मोजमापाने करतात आणि रामाला दोष देताना कचरत नाहीत. एका ओवीपाशी आजी थबकल्या, खुंटा थांबला, आणि त्या बाईंना हळूच म्हणाल्या, "ही तेवढी भायेर जाऊ देऊ नका, बाई. थोरल्या घरचं हाये." बाईंनी तत्काळ त्या मुलीला मुद्रण पुसून टाकावयास सांगितले, आणि तिने ते पुसले. सर्वांस मुक्त असे जे करावयाचे, त्यातून काय वगळावे हे ठरविण्याचा अधिकार गाणारणीचाच आहे, हा नियम त्या दुपारी कोणाच्या उपदेशावाचून प्रस्थापित झाला, आणि पुढच्या सर्व घरी तोच पाळण्यात आला.

ओवीचे प्राचीनत्व सांगताना आपण सहसा ज्ञानेश्वरीपाशी थांबतो. वस्तुतः ज्ञानेश्वरीच्या दीड शतक आधी, बाराव्या शतकात, चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा स्पष्ट निर्देश आहे. म्हणजे तत्त्वज्ञानाने ज्या छंदाचा आश्रय केला, तो छंद स्त्रियांच्या कष्टाच्या जागी आधीच रुळलेला होता. जुन्नर तालुक्याच्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. ह्याच तालुक्यातील आळे येथे, ज्याच्या मुखाने ज्ञानेश्वरांनी वेद वदविले असे परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी आहे, आणि ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य ह्यांची समाधी आहे. देवळांच्या ह्या दोन खुणांच्या मध्ये पसरलेल्या गावांतून जी स्त्री पहाटे जात्यावर बसली, तिला ज्ञानदेव आणि तुकाराम हे घरातलेच होते; ती त्यांना एकेरीत हाक मारते, त्यांच्यावर रुसते, आणि त्यांना आपल्या दळणाला हात लावावयासही बोलावते. जनीच्या जात्याला विठ्ठलाचा हात लागला ही श्रद्धा ह्या भूमीत उगवावी ह्यात नवल नाही.

त्याच तालुक्याच्या पश्चिम कड्यावर नाणेघाट आहे. तेथील गुहेच्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख कोरलेला आहे, ज्याच्या वाचनावर पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनी आपली दृष्टी झिजविली. कोणते यज्ञ केले, त्यांत किती गायी, किती हत्ती, किती नाणी दक्षिणा म्हणून दिली, ह्याचे आकडे त्या लेखात कोरलेले आहेत. मी तो लेख पूर्वी पाहिला आहे आणि त्याच्यापुढे नतमस्तकही झालो आहे. परंतु निमगावच्या त्या घरातून बाहेर पडताना मला प्रकर्षाने वाटले, की दोन सहस्र वर्षांत ह्या एका तालुक्यात एका राणीच्या दानाची गणती पाषाणावर झाली, आणि तिच्यानंतरच्या असंख्य बायकांनी त्याच जातीच्या काळ्या पाषाणावर रोज पहाटे जे दिले, त्याची गणती मात्र कोणीच केली नाही.

कोणीच नाही असे म्हणणे मात्र पूर्ण न्यायाचे होणार नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' ह्या ग्रंथातून ओव्यांचे भांडार मराठी वाचकांपुढे मांडले, आणि डॉ. सरोजिनी बाबर ह्यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे गावोगावचे धन अविरत श्रमाने ग्रंथबद्ध केले. ह्या पुण्याईचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तथापि छापील संग्रहात ओवी असते, गाणारीचा आवाज नसतो, आणि तिचे नाव तर क्वचितच असते. हा अभाव ज्यांनी भरून काढला त्या दोन व्यक्ती म्हणजे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ. जन्माने फ्रेंच असलेले प्वातव्हँ पुण्यात आले, येथेच स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले, आणि राईरकरांसह मुळशीच्या डोंगरवस्त्यांतील गरीब कष्टकऱ्यांच्या संघटनेत काम करू लागले. त्या कामात स्त्रियांना आपले मन उघड करण्यास भाषणाहून ओवी अधिक जवळची वाटते असे त्यांच्या प्रत्ययास आले, आणि त्यातून संकलन सुरू झाले. पुढे संगीताचे आणि संगणकाचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. त्यांनी गावोगावी जाऊन शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले आणि नोंदींचा संगणकीय कोश रचला. एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका, आणि एक लाखाहून अधिक ओव्या: एवढा हा संग्रह आहे. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे ह्यांचा तो आर्त, एकाकी स्वर १९९६ साली ह्याच कार्यात मुद्रित झाला. तो ऐकून मन हलले नाही असा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी डॉ. आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही त्यात आहेत, ज्यांत बाबासाहेब घरच्या लेकासारखे, भावासारखे येतात.

प्वातव्हँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. परंतु त्यांच्या पश्चात तो संग्रह कपाटात कुलूपबंद राहिला नाही. पी. साईनाथ ह्यांनी २०१४ साली ग्रामीण भारताचे जे मुक्त संकेतस्थळ उभारले, त्यावर मार्च २०१७ पासून ह्या ओव्या आवाज, चित्रफीत, मराठी पाठ आणि भाषांतर ह्यांसह प्रसिद्ध होऊ लागल्या. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की ते काम करणारी माणसे जुन्या नोंदी हाती घेऊन त्याच गावांत पुन्हा गेली, गायिका हयात असतील तर त्यांना आणि नसतील तर त्यांच्या लेकी-सुनांना भेटली. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचे नाव आणि गाव आहे. मला विचाराल तर ह्या संपूर्ण उद्योगाचे मर्म येथे आहे. संग्राहकाचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर असतेच. गाणारीचे नाव तिच्या ओवीपाशी असावे, हा साधा न्याय व्हावयास आपल्याकडे फार काळ जावा लागला.

ह्या संदर्भात अमेरिकेतील एका समाजाची हकीकत मी निमगावच्या मुलींना सांगितली, कारण त्यांच्यातील एकीने विचारले होते, की आपण हे फोनवर टाकले तर बाहेरचे लोक ते ऐकतील, पण गावाला त्याचा काय उपयोग. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकेडिया नावाच्या प्रदेशात वसलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांना १७५५ सालापासून इंग्रज सत्तेने घरादारांसह उठवून जहाजांत घालून देशोधडीला लावले. त्यांच्यातले पुष्कळजण वणवण करीत लुईझियानाच्या दलदलीच्या प्रदेशात स्थिरावले, आणि केजन ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९२१ च्या तेथील राज्यघटनेने शाळांतून इंग्रजी हीच शिक्षणाची भाषा ठरविली. शाळेच्या आवारात घरची फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. आणि त्या मुलांनी पुढे आपल्या मुलांशी ती भाषा बोलणेच सोडले. १९३४ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा तरुण पुत्र ॲलन हे मोटारीत अवजड मुद्रणयंत्र घालून तेथे हिंडले आणि घरोघरची गाणी त्यांनी तबकड्यांवर उतरविली. त्या तबकड्या वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात रवाना झाल्या. ज्यांच्या आजोळची ती गाणी, त्यांच्या हाती त्यांच्या नकला लागावयास पुढे कित्येक दशके लोटावी लागली. भाषेच्या रक्षणासाठी १९६८ साली राज्याने मंडळ स्थापन केल्यानंतरच्या काळात बॅरी ॲन्सले ह्या त्याच समाजातील अभ्यासकाने लाफायेतच्या विद्यापीठात लोकपरंपरेचे दप्तर उभारले आणि त्या नकला तेथे आणल्या. अलीकडे जोशुआ कॅफरी ह्या संशोधकाने १९३४ ची ती मुद्रणे शब्द आणि टिपणांसह संगणकजालावर सर्वांना मोफत खुली केली. शाळेत ज्या भाषेसाठी मार खाल्ला, त्याच भाषेतली पणजीची गाणी आता शाळेतला मुलगा वर्गात बसून ऐकू शकतो. त्या मुलीला माझे सांगणे एवढेच होते, की गावाबाहेर गेलेले गाणे गावाला परत मिळावयास तेथे दोन पिढ्या गेल्या. येथे तो विलंब मुळातच होऊ नये, अशी सोय ती आपल्या हाताने करीत आहे.

त्यानंतरचे काम पुष्कळसे कारकुनी होते, आणि त्याचा सारा तपशील येथे देत बसत नाही. जुन्या संगणकांवर निरनिराळ्या टंकांत लिहिलेले मराठी आज उघडले की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात; तेव्हा सर्व मजकूर सर्वमान्य युनिकोड पद्धतीतच लिहावयाचा, असे प्रथम ठरले. आवाजाची मूळ प्रत संक्षेप न करता जपावयाची, आणि गावातील मंद जोडणीवरही उघडेल अशी हलकी प्रत निराळी करावयाची. कोणीही ऐकावे, शिकवावे, नकलून घ्यावे. मात्र गाणारीचे नाव गाळू नये आणि त्यातून पैसा करू नये, अशी सनद प्रत्येक ओवीसोबत राहील. बालभारतीची पुस्तके आता सर्वांना विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेल्या चौकोनी संकेताने ध्वनी आणि चित्र मुलांपुढे आणण्याची जी रीत रूढ केली, ती सरकारनेही उचलली. त्या रीतीने वहीच्या पानावरून थेट आजीच्या आवाजापर्यंत जाता येईल, अशी बाईंची योजना आहे. एका बाबतीत मात्र मी आग्रह धरला. एका मुलीने पाठ लिहिताना आजींचे 'आमी', 'व्हता', 'न्हाई' हे शब्द पुस्तकी करून टाकले होते, कारण शाळेत तसे लिहिले तर गुण जातात हे तिला ठाऊक होते. तिचा दोष काहीच नव्हता. पण ओवीची मोजणी त्याच उच्चारांवर बेतलेली असते. शब्द सुधारला की ताल लंगडतो. बाईंनी तो पाठ फलकावर लिहून मुलींकडून दोन्ही रूपांत म्हणवून घेतला, आणि मग कोणालाही अधिक सांगावे लागले नाही.

खरा विचार करावयास लावला तो नोंदवहीतल्या एका रकान्याने. गाणारीचे नाव, वय आणि गाव असे रकाने आम्ही आखले होते. नाव विचारताच आजी म्हणाल्या, "नाव कशाला माझं? वव्या काय माझ्या एकटीच्या हायेत?" बाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या गळ्यातून आल्या, एवढं तरी लिहू द्या." त्यावर आजींनी नाव दिले, पण गाव म्हणून आम्ही निमगाव सावा लिहू लागताच त्यांनी हाताने थांबविले. ह्यातली भावाची ओवी आपल्या आईची, आणि आई होती पारनेरकडची. सीतेची ओवी मोठ्या जावेने शिकविली, तिचे माहेर आंबेगाव तालुक्यात. पंढरीच्या ओव्या दिंडीत चालताना कानी पडल्या, त्या कोठल्या ते विठोबाच जाणे. मी ऐकत राहिलो आणि माझ्या ध्यानात आले, की स्त्री लग्न होऊन ज्या वाटेने जाते, त्या वाटेने ओवी जाते. म्हणून ओवीला एकच गाव असूच शकत नाही. पुरुषाची वहिवाट एका शिवारात सात पिढ्या चालते आणि सरकारी कागद तिच्याच सोयीने आखलेला असतो. बायकांचे धन मात्र दर पिढीला गाव बदलते. तेव्हा तो रकाना आम्ही खोडून टाकला, आणि त्याच्या जागी तीन केले: माहेर, सासर, आणि कोणाकडून शिकली. आजींच्या एकट्या ओव्यांचे हे तीन रकाने भरून झाले तेव्हा जुन्नर, आंबेगाव, पारनेर आणि शिरूर ह्या चार तालुक्यांतील गावांची नावे त्या एका पानावर उतरली होती. मुलींनी लागलीच नकाशा काढला आणि एकेका गावापासून निमगावापर्यंत रेघा ओढावयास आरंभ केला. तो नकाशा कोणत्याही महसुली नकाशाशी जुळणारा नव्हता, परंतु तेथे बसलेल्या प्रत्येक बाईला तो पाहताक्षणी ओळखू आला.

तिसऱ्या रकान्यात मेलेल्या माणसांची नावे लिहावी काय, असा प्रश्न एका मुलीने काढला. आजींनी तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "त्यांचीच आधी लिही." त्यांनी मग आपल्या आईचे, दोन मावश्यांचे आणि जावेचे नाव सांगितले, प्रत्येकीच्या माहेरासह, आणि मुलीने ते बरोबर लिहिले की नाही हे वाचून दाखविण्यास लावले.

निघण्यापूर्वी पुढच्या कामाची आखणी झाली. माझा विचार उन्हाळ्याच्या सुटीत मुद्रण उरकावे असा होता. तो आजींनी मोडीत काढला. त्यांचे म्हणणे, की आम्ही म्हाताऱ्या आहोत तेवढ्याच गावात आहोत, पण ज्या ओव्या आम्ही लेकींना दिल्या त्या सासरी गेल्या; त्या ऐकावयाच्या तर जत्रेला यावे, तेव्हा साऱ्या माहेरवाशिणी येतात. बाईंनी ते तत्काळ मान्य केले. जत्रेच्या आदल्या दिवशी कोणाच्या अंगणात बसावयाचे, तमाशाचा आणि ध्वनिवर्धकाचा कल्लोळ सुरू होण्याआधी सकाळच्या कोणत्या प्रहरी बसावयाचे, हे ठरले. लांबच्या गावी दिलेल्या लेकींना फोन करण्याचे काम मुलींनी आपसांत वाटून घेतले. आणि तोवर जात्याला टाकी लावून ठेवावी म्हणून टाकी लावणाऱ्या कारागिराचा शोध करण्याचे आजींच्या नातवाने पत्करले. बेल्ह्याच्या आठवडेबाजारात असा एकजण अजून बसतो, असे कोणीतरी त्याला सांगितले होते.